चौथा मजला, कुलूपबंद गच्ची आणि वीस मीटर तार

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गंगापूर रोडला सात मजली सोसायटी, चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, नुकताच मिळालेला व्हीयू३ कॉलसाइन (परवान्यावरचं रेडिओनाव) आणि २० वॅटचा एक जुना एचएफ रिग, म्हणजे लघुलहरींवर ऐकायचा-बोलायचा सेट. इमारतीला नवा रंग दिल्यावर सोसायटीने ठराव केला की बाहेरच्या भिंतीवर डिश, पत्रा, बॉक्स काहीही लावायचं नाही. गच्चीला कुलूप आहे. एका कमिटी मेंबरला तुम्ही सहज विचारलंत, तर 'टॉवर-बिवर काही चालणार नाही' असं उत्तर मिळालं. म्हणून तुम्ही विचारता आहात, कुणाच्या लक्षात येणार नाही असा अँटेना कसा लावू?

मी नाशकातच, इंदिरानगरच्या बाजूला, १९ वर्षं फ्लॅटमधून रेडिओ चालवतो आहे. चार वेगवेगळ्या इमारतींत राहिलो, प्रत्येक ठिकाणी अँटेना वेगळा निघाला. त्या अनुभवावर सांगतो: डोळ्यांना दिसणार नाही अशी तार लावणं अवघड नाही, ती कृती खाली सविस्तर देतोच. पण सोसायटीत अँटेना उतरवावा लागतो तो बहुतेक वेळा दिसला म्हणून नाही. कुणाच्या तरी घरातलं काहीतरी बिघडतं, किंवा बिघडल्यासारखं वाटतं, आणि त्याचं कारण तुम्ही आहात असं ठरतं. त्यामुळे शेजाऱ्यांच्या नजरेपासून तार लपवा, पण तुम्ही परवानाधारक हॅम आहात हे कमिटीपासून लपवू नका. माझ्या मते या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि तुमच्या प्रश्नात त्या एकत्र झाल्या आहेत.

हे मला कसं कळलं ते सांगतो. पहिल्या घरात मी कुणाला न विचारता बेडरूमच्या खिडकीतून कंपाउंडमधल्या नारळापर्यंत तार ओढली होती. पाच महिने कुणी वर बघितलंही नाही. एका रविवारी सकाळी ७ मेगाहर्ट्झवर कोल्हापूरच्या एका हॅमशी गप्पा चालू असताना खालच्या मजल्यावरच्या इंटरकॉममधून बोबडा, घोगरा आवाज यायला लागला. तिथे एक आजी एकट्या राहत होत्या. त्या इतक्या घाबरल्या की तशाच जिन्यात येऊन बसल्या. संध्याकाळी चार जण दारात उभे, आणि दुसऱ्या दिवशी तार कापलेली. तांत्रिक कारण अगदी साधं होतं. मी चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारी रेडिओलहर अडवणारे फेराइटवरचे वेढे, लावला नव्हता, त्यामुळे कोॲक्सची (रिगपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळी स्वतःच अँटेनासारखी वागत होती, आणि ती केबल डक्टमध्ये इंटरकॉमच्या तारेला चिकटून पाच-सहा मीटर गेली होती. एक फेराइट रिंग आणि पंधरा मिनिटांचं काम. पण ते काम करायची संधी मला कुणी दिली नाही, आणि देण्याचं काही कारणही नव्हतं. त्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढच्या सोसायटीत मी आधी पत्र दिलं. परवानगी यायला दोन महिने लागले. नंतर एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा तिथलेही लोक आलेच, पण विचारायला आले. मी लॉगबुक दाखवलं, दोन दिवस स्टेशन बंद होतं. चहा पिऊन गेले. परवान्याच्या अटींप्रमाणे लॉग ठेवायचाच असतो. सोसायटीत तो तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे, रोज लिहा.

आता तुमच्या प्रश्नात न आलेल्या काही गोष्टी, कारण उत्तर त्यांवर अवलंबून आहे. तुमच्या खिडक्यांसमोर मोकळी जागा किती? कंपाउंडमध्ये अशोक, नारळ, गुलमोहर असं झाड आहे का, आणि ते सोसायटीच्याच हद्दीत आहे का? विजेची लाइन कोणत्या बाजूने जाते? आणि ठरावाचे नेमके शब्द काय आहेत? सभासद म्हणून तुम्ही इतिवृत्ताची प्रत मागू शकता, ती मागा. 'बाहेरच्या भिंतीवर काही बसवू नये' आणि 'इमारतीबाहेर काही येऊ नये' यांत मोठा फरक आहे. खिडकीच्या ग्रिलच्या आतून निघून झाडाकडे जाणारी तार पहिल्या ठरावात बसत नाही. तोंडी नकाराचं म्हणाल, तर त्या मेंबरच्या डोळ्यांपुढे मोबाइलचा टॉवर आहे, तुमची तार नाही.

एक गैरसमजही काढून टाकतो. अमेरिकेतल्या हॅम मंडळींचं वाचून काही जण 'माझ्याकडे केंद्र सरकारचा परवाना आहे, मला कुणी अडवू शकत नाही' असा पवित्रा घेतात. तिथे १९८५ पासून एक केंद्रीय आदेश आहे खरा, पण तो स्थानिक प्रशासनाच्या नियमांपुरता आहे, खाजगी वसाहतींच्या आपापसातल्या करारांना लागू होत नाही. आपल्याकडे तर दूरसंचार विभागाचा परवाना तुम्हाला प्रसारणाचा अधिकार देतो, गच्चीचा नाही. गच्ची सगळ्या सभासदांची सामायिक जागा आहे. तिथे काही लावायचं तर सोसायटीची परवानगी लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

तार ओढण्याआधी एक संध्याकाळ ऐकण्यात घालवा. हा टप्पा नवीन हॅम हमखास गाळतात. रिग मेनवर न लावता १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, यूपीएसमधली असते तसली चालेल. खोलीतच तीन-चार मीटर तार टांगा, रात्री नऊच्या सुमारास ७.१ मेगाहर्ट्झवर जा आणि एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा रिगवरचा मीटर, वाचा. मग घरातल्यांना सांगून पाच मिनिटं मेन एमसीबी पाडा. मीटर एस-९ वरून एस-६ वर आला, तर गोंगाट तुमच्याच घरात आहे. एकेक एमसीबी चालू करत जा, गुन्हेगार सापडतो. माझ्याकडे स्वयंपाकघरातले स्वस्त एलईडी बल्ब आणि राउटरचा ॲडॉप्टर निघाला. ते बदलल्यावर गोंगाट दोन एस-युनिटने उतरला. एक एस-युनिट ६ डेसिबलचं धरतात, म्हणजे एकूण १२ डेसिबल. समोरच्याने २० वॅटऐवजी सुमारे ३२० वॅट लावले असते तर जेवढा फरक पडला असता तेवढा फरक काही बल्ब आणि एका ॲडॉप्टरने पडला. चांगला अँटेना लावून हा फायदा मिळत नाही.

मीटर हललाच नाही तर गोंगाट इमारतीचा आहे. दिवसा असतो, रात्री जातो, तर गच्चीवरच्या सोलरच्या इन्व्हर्टरवर संशय घ्या. थांबून थांबून येतो आणि लिफ्टच्या आवाजाशी जुळतो, तर लिफ्टचा मोटर-ड्राइव्ह. जिन्यातल्या ट्यूबा आणि सीसीटीव्हीचे ॲडॉप्टरही बघा. यातलं फारसं तुमच्या हातात नाही, पण अँटेना इमारतीच्या कोणत्या बाजूला न्यायचा हे यावरून ठरतं. लिफ्टच्या डक्टपासून दूरची खिडकी दिसायला गैरसोयीची असली तरी तीच घ्या.

आता तार. तुमच्यासाठी मी एका टोकाला फीड केलेली अर्ध्या तरंगलांबीची तार सुचवेन. हॅम लोक तिला एंड-फेड म्हणतात. डायपोलला, म्हणजे मध्ये जोड असलेल्या नेहमीच्या दोन बाजूंच्या तारेला, मधोमध केबल लटकते आणि ती सगळ्यांना दिसते. इथे केबल घरातच राहते, बाहेर जाते ती फक्त एक बारीक तार. लांबीचा हिशेब सोपा आहे: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ साठी साधारण २० मीटर. तीच तार १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवरही चालते, कारण त्या वारंवारता ७ च्या पटीत आहेत.

टोकाला इम्पीडन्स, म्हणजे रेडिओलहरीला होणारा विरोध, फार मोठा असतो, अडीच हजार ओहमच्या आसपास. रिगला ५० ओहम हवेत, म्हणून मध्ये ४९ला १ असा ट्रान्सफॉर्मर लागतो. एफटी-१४०-४३ फेराइट रिंगवर प्रायमरीचे २ आणि सेकंडरीचे १४ वेढे, प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा, किमान १ किलोव्होल्टचा कपॅसिटर. २० वॅटला हे पुरतं. पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवा. या बॉक्सपासून दोन मीटरची एक तार खिडकीखाली आतल्या बाजूने भिंतीला धरून सोडा, ती काउंटरपॉइझचं, म्हणजे अँटेनाच्या दुसऱ्या बाजूचं, काम करेल. आणि केबल रिगकडे जाताना मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहा-अकरा वेढे घालून चोक करा. हा चोक ऐच्छिक समजू नका. माझी पहिली तार हा नव्हता म्हणूनच गेली.

तार कोणती? मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी इनॅमलची तांब्याची तार, ०.६ ते ०.७ मिलिमीटर. सातपूर-अंबडकडे अशी दुकानं भरपूर आहेत, वजनावर देतात. सहा मीटरवरून ती डोळ्याला जवळपास दिसत नाही. फक्त नवी असताना उन्हात तांबूस चमकते, आणि चमक दिसते. मी तिला मॅट करड्या रंगाचा स्प्रे मारतो. आभाळासमोर करडा रंग नाहीसा होतो. तार इमारतीला समांतर जाणार असेल तर भिंतीचा रंग घ्या. काळी तार घेऊ नका, नाशिकच्या उन्हाळ्यातल्या पांढऱ्या आभाळावर ती पेन्सिलीच्या रेघेसारखी उठून दिसते. टोकाला इन्सुलेटर म्हणून मासेमारीची नायलॉनची दोरी ७०-८० सेंटिमीटर. तीही दिसत नाही, पण उन्हाने कुजते. दरवर्षी मेअखेर बदला, पावसात झाडावर चढायची वेळ येऊ देऊ नका.

तुमच्या चौथ्या मजल्याची उंची बारा-तेरा मीटर. तिथून तिरकी उतरून आठ मीटरवरच्या फांदीपर्यंत गेली तर उत्तम. अशोकाची झाडं वाऱ्याला फार डोलतात, आणि ताणून बांधलेली तांब्याची तार पहिल्याच वळवाच्या पावसात तुटते. म्हणून झाडाच्या टोकाला दोरी गाठ मारून बांधू नका. फांदीवरून सरकू द्या आणि खालच्या टोकाला वाळू भरलेली छोटी पीव्हीसी नळी लटकवा. झाड डोललं की नळी वरखाली होते, तार तशीच राहते. खोडात खिळा मात्र मारू नका. तार दोन इमारतींमधल्या मोकळ्या पट्ट्यातून, जिथून पारवे आणि पोपट रोज उडतात तिथून नेऊ नका. आपल्याला न दिसणारी तार त्यांनाही दिसत नाही. भिंतीच्या जवळून, झाडाच्या आडोशाने नेली तर त्यांच्या वाटेत येत नाही.

सुरुवात २० मीटर ६० सेंटिमीटरने करा आणि नॅनोव्हीएनएवर (अँटेना कुठे जुळतो ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) बघत लांबी कमी करत जा. भिंतीतलं लोखंड आणि खिडकीचं ग्रिल यांमुळे रेझोनन्स, म्हणजे तार जुळते ती वारंवारता, खाली सरकतो, म्हणून सगळ्यांची तार शेवटी हिशेबापेक्षा थोडी आखूड होते. ७ मेगाहर्ट्झवर १० सेंटिमीटरला साधारण ३५ किलोहर्ट्झ सरकतं, यावरून किती काढायचं याचा अंदाज घ्या. कापू नका, टोक मागे दुमडून पिरगळा. कापलेली तार परत वाढत नाही. ग्रिलमधून बाहेर काढताना ३०-४० सेंटिमीटरचा विजेच्या फिटिंगचा पीव्हीसी पाइप वापरा, म्हणजे तार ग्रिलपासून लांब राहील. २० वॅटवर त्या टोकाला सव्वादोनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. तुमच्या प्रश्नात लहान मुलीचा उल्लेख आहे. ते टोक तिच्या हाताला कुठल्याही परिस्थितीत लागता कामा नये, आणि खालच्या-वरच्या घरातल्या कुणाच्याही नाही. प्रसारण चालू असताना माणसं आणि तार यांत दोन-तीन मीटर अंतर राहील असं बघा.

मोकळी जागा वीस मीटर नसेल तर बारा मीटरमध्येही जमतं. १० मीटर तारेनंतर सुमारे ३४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि पुढे दोन मीटरच्या आत तार. १४ आणि २८ वर ती पूर्ण लांबीसारखीच चालते. ७ वरही चालते, पण पट्टा अरुंद होतो. कॉइल पाव इंचाच्या नाही, जाड पीव्हीसी नळीवर गुंडाळा, आणि ती दिसेल हे गृहीत धरा. पानांच्या आत लपवा.

यातून काय मिळेल? एवढ्या उंचीवर ७ मेगाहर्ट्झची बरीच शक्ती सरळ वर जाते. परदेशासाठी हे गैरसोयीचं आहे, पण महाराष्ट्रासाठी वरदान. नाशिक-मुंबई अंतर फार नाही, पण मध्ये सह्याद्री आडवा आहे, म्हणून हातातला व्हीएचएफ सेट कसाऱ्याच्या घाटापलीकडे पोचत नाही. ७ मेगाहर्ट्झवरचा सिग्नल आयनांबरावरून खाली येतो, त्याला घाट आडवा येत नाही. सकाळी मुंबई, पुणे, संभाजीनगर, कोल्हापूर सहज लागतं. १४ आणि २८ वर तीच तार दूरचं देते. सूर्याचं २५वं चक्र २०२४च्या सुमारास शिखरावर होतं, त्या आसपासच्या दुपारी २८ मेगाहर्ट्झवर मी १० वॅटने युरोप आणि जपान दोन्ही केले आहेत. रात्री उशिरा मात्र बोलू नका. शेजारच्या भिंतीतून 'सीक्यू सीक्यू' ही हॅमची हाक ऐकू जाते, आणि तुमच्या अँटेनाची पहिली बातमी तिथूनच फुटते. हेडफोन लावा, मोर्स शिका, तोवर ७.०७४ किंवा १४.०७४ वर एफटी८ (संगणकाने छोटे निरोप पाठवायची पद्धत) चालवा. ५ वॅट पुरतात आणि घर शांत राहतं.

झाड नाही, बाहेर तार नेता येत नाही, असं असेल तर बाल्कनीत मॅग्नेटिक लूप, म्हणजे नळीचा कड्यासारखा अँटेना. एसी दुरुस्तीवाल्याकडून १६ मिलिमीटरची तांब्याची नळी तीन मीटर घ्या, साधारण एक मीटर व्यासाचं कडं होतं. १४ मेगाहर्ट्झवर जुळवायला सुमारे ५० पिकोफॅरड लागतात. आत साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं छोटं फीड-लूप. कपड्यांच्या स्टँडमागे उभं केलं तर कुणाला कळतही नाही, आणि काम झालं की घरात घेता येतं. पण दोन गोष्टी मनापासून सांगतो. एक, ७ मेगाहर्ट्झवर एवढ्या लहान कड्यातून फार थोडी शक्ती बाहेर पडते, बाकीची उष्णता होते. १४ आणि त्यावर मात्र ते खरंच चांगलं चालतं. दोन, २० वॅटवरही त्या कपॅसिटरवर दीड-दोन हजार व्होल्ट येतात. रेडिओतला जुना गँग कपॅसिटर इथे ठिणग्या टाकतो. मोठ्या फटीचा एअर व्हेरिएबल किंवा व्हॅक्यूम कपॅसिटर लागतो, आणि तो मिळवणं हेच या अँटेनातलं खरं काम आहे. प्रसारणाच्या वेळी बाल्कनीत कुणी उभं राहू नये. बँडमध्ये थोडं सरकलात की परत ट्यून करावं लागतं, त्याची सवय होते.

व्हीएचएफसाठी तुम्हाला काळजीच नको. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंग म्हणजे अर्धा मीटर. जे-पोल, म्हणजे जे अक्षरासारखा उभा अँटेना, पीव्हीसी पाइपच्या आत घालून बाल्कनीच्या कोपऱ्यात उभा केला की सांडपाण्याचा पाइप वाटतो. फक्त बारीक आरजी-५८ केबल लांब नेऊ नका, १५ मीटरमध्ये या वारंवारतेवर जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच जाते.

सोसायटीने डिशला कधी परवानगी दिलीच, तर आणखी एक दार उघडतं. क्यूओ-१०० हा हॅम ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारं यंत्र) असलेला भूस्थिर उपग्रह २५.९ अंश पूर्वेला आहे आणि नाशिकहून दिसतो: दिशा साधारण २५३ अंश, क्षितिजापासून ३२ अंश वर. डीटीएचची जुनी डिश, एक एलएनबी (डिशसमोरचा छोटा रिसीव्हर) आणि संगणकाला लावायचा छोटा एसडीआर रिसीव्हर एवढ्यात ऐकू येतो. बाकीच्यांच्या डिश आग्नेय-दक्षिणेकडे बघतात, तुमची पश्चिमेकडे झुकलेली दिसेल, एवढाच फरक. प्रसारणाचं मात्र आधी तुमच्या परवान्यातल्या बँडच्या यादीत बघा.

इथवरचं थोडक्यात: आधी गोंगाट शोधा, झाड असेल तर करडी बारीक तार, नसेल तर लूप, दोन्हींत चोक हवाच. आता पत्र, आणि माझ्या मते तुमचं यश या भागावर जास्त अवलंबून आहे.

कमिटीला तंत्रज्ञानात रस नसतो आणि नसावाही. त्यांना चार भीती असतात. गच्ची गळेल. वीज पडेल. टॉवरसारखं रेडिएशन होईल. यांना दिलं तर उद्या सगळे मागतील. पत्रात या चारांची उत्तरं द्या, आणि मेगाहर्ट्झ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. मी असं लिहिलं होतं:

'मा. चेअरमन व सेक्रेटरी यांस. मी भारत सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवानाधारक हौशी रेडिओ चालक आहे. परवान्याची प्रत सोबत जोडली आहे, त्यावर याच फ्लॅटचा पत्ता आहे. मला माझ्या खिडकीपासून कंपाउंडमधल्या झाडापर्यंत केसासारखी बारीक एक तार लावायची आहे. भिंतीला वा गच्चीला छिद्र पाडणार नाही, खांब उभा करणार नाही. माझ्या सेटची शक्ती २० वॅट, म्हणजे घरातल्या एका एलईडी ट्यूबएवढी, आणि तीही मी बोलत असेन तेवढाच वेळ. कुणाच्या टीव्ही, इंटरकॉम किंवा फोनला त्रास झाला तर कळवताच सेट बंद करीन, कारण शोधून स्वखर्चाने दुरुस्त करीन आणि मगच सुरू करीन. तीन महिन्यांच्या तात्पुरत्या परवानगीची विनंती आहे. त्यानंतर कमिटी सांगेल तसे.'

'तात्पुरती' या शब्दाने फार मदत केली. कायमची परवानगी द्यायला कमिटीला सभा लागते, तीन महिने बघून घ्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पत्र देताना सेक्रेटरीला घरी बोलवा, सेट दाखवा, हेडफोन त्यांच्या कानाला लावा. आमच्या वेळचे चेअरमन निवृत्त शिक्षक होते. राजीव गांधीही हॅम होते आणि व्हीयू२आरजी त्यांचा कॉलसाइन होता हे सांगितल्यावर ते खुर्ची ओढून बसले. २००४च्या त्सुनामीत अंदमानशी संपर्क तुटला तेव्हा तिथे योगायोगाने गेलेल्या हॅम मंडळींनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले, हेही सांगा. आणि आपल्या गावाचं सांगा. गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुती बुडायला लागला की आपल्याला पुराची पातळी कळते, पण त्या वेळी पलीकडच्या काठावरच्या नातेवाइकाचा फोन लागेलच असं नाही. २०२६-२७च्या सिंहस्थात लाखोंच्या गर्दीत मोबाइल कसे तुंबतील याची कल्पना प्रत्येक नाशिककराला आहे. बॅटरीवर चालणारं एक स्टेशन इमारतीत असणं ही सोसायटीच्या उपयोगाची गोष्ट आहे. पण जेवढं करू शकाल तेवढंच बोला, मोठी आश्वासनं देऊ नका.

गच्ची कधी मिळालीच तर तिथे ड्रिल लावू नका. खाली ब्रिकबॅट कोबा असतो, एक छिद्र पडलं की पावसाळ्यात सातव्या मजल्याच्या छतावर ओल आलीच, आणि ती तुमच्यामुळेच आली असं कायमचं ठरतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पीव्हीसी पाइप उभा करा. इमारतीच्या वीजरोधकाच्या पट्टीला तुमचं काहीही जोडू नका.

शेवटी सुरक्षेबद्दल, आणि इथे माझं मत बदलणार नाही. तार टाकताना, ओढताना, तुटून पडताना, कोणत्याही अवस्थेत ती विजेच्या लाइनपर्यंत पोचू शकत असेल, तर ती जागा सोडून द्या. तार लाइनच्या वरूनही नाही, खालूनही नाही. नव्या वस्त्यांत ११ केव्हीची लाइन इमारतीच्या किती जवळून जाते हे आपण रोज बघतो, म्हणून सवयीने दिसेनासं होतं. खिडकीत उभे राहून सगळ्या लाइनी मोजा, मग झाड निवडा. झाडाकडे दोरी टाकताना एकटे नसा, आणि खाली कुणालातरी उभं करा.

एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला, किंवा ऑक्टोबरात परतीचा पाऊस, की केबल रिगवरून काढा आणि तिचं टोक खिडकीपाशी, रिगपासून लांब ठेवा. रोज रात्री काढायची सवय लावली तर आणखी बरं. मी रिग बंद केला की हात आपोआप कनेक्टरवर जातो.

आणि संक्रांत. येवल्याइतकी नाही, तरी नाशकातही जानेवारीत आभाळ पतंगांनी भरतं. एका वर्षी मी तार तशीच ठेवली. दुपारी मांजा अडकला, पोरांनी ओढला, तार तुटून खालच्या पार्किंगमध्ये पडली. एक मुलगा ती गोळा करायला धावला. सेट बंद होता, म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून १२ जानेवारीला तार उतरवतो, गुंडाळून कपाटात ठेवतो आणि १६ तारखेला, झाडांमध्ये अडकलेला मांजा आधी कापून काढून, परत चढवतो.